काठी, सुतळी आणि पटावरची मुलं : विज्ञान प्रकल्पाच्या नोंदी

18 जून 2024, मंगळवार

शाळा शनिवारी उघडली. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे. सहावी ते आठवीचं विज्ञान माझ्याकडे आणि खोल्या दोन, म्हणून सहावी-सातवी एकत्र बसते.

दोन्ही खोल्यांत वाचून घेतलं, थोडं मोजून घेतलं. नेहमीचंच चित्र. सहावीतल्या काहींना परिच्छेद अक्षर जुळवत वाचावा लागतो. सातवीत बहुतेकांना मोजपट्टी 1 पासून लावायची सवय आहे, 0 पासून नाही. आठवीत एक मुलगा असा आहे की पुढचा धडा घरीच वाचून येतो आणि वर्गात माझ्या चुका मोजत बसतो.

मागच्या प्रशिक्षणात यावर उपाय सांगितला होता : तीन रंगांच्या कार्यपत्रिका. हिरवी सोपी, पिवळी मध्यम, लाल अवघड. हे मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळतं की हिरवा कागद म्हणजे ढ. तिसऱ्या दिवशी हिरव्या कागदवाल्यालाही ते पटतं. कार्यपत्रिका सोपी केली म्हणजे विज्ञान सोपं झालं असंही नाही. बहुतेक वेळा त्यातून विज्ञानच काढून टाकलेलं असतं, उरतं ते रिकाम्या जागा भरा.

त्याच प्रशिक्षणात दृक, श्राव्य, कृतिशील अशा तीन 'अध्ययन शैलीं'चा तक्ता पण होता. कोणतं मूल कोणत्या खान्यात ते ठरवायचं आणि तसं शिकवायचं. 2008 साली चार मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेवरचं संशोधन तपासलं आणि तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार नाही असं लिहिलं. तक्ता मात्र अजून फिरतो आहे. सावली काय असते हे कळायला ती सगळ्यांनाच बघावी लागते.

ठरवलंय ते असं : वर्षभर एकच प्रश्न, तिन्ही वर्गांना. दुपारच्या सावलीचं काय होतं? प्रश्न एक, कामं वेगवेगळी. आणि कोणतंही काम असं नको की ते झालं नाही तरी चालतंय.

21 जून, शुक्रवार

आधी विचारलं : दुपारी बारा वाजता सावली कुठे असते? एकजात उत्तर आलं, "पायाखाली." रोज? "रोज." आठवीतल्या हुशारानेही मान डोलावली.

काठी बरोबर 1 मीटरची. एका बाजूला सेंटिमीटरच्या खुणा, दुसऱ्या बाजूला तिचेच 12 सारखे भाग. बारा भाग का, ते पुढे येईल. काठी सरळ उभी करण्यावरून भांडण लागलं. चार जणांनी चार बाजूंनी डोळा लावला, चौघांचं 'सरळ' वेगळं. सहावीतली एक मुलगी पळत घरी गेली आणि वडिलांचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, घेऊन आली. वडील गवंडी आहेत. तिने दोन बाजूंनी ओळंबा धरला, बुडाशी खडे ठोकले आणि हात झटकले. हीच मुलगी मंगळवारी वाचनात 'पर्यावरण' शब्दावर अडली होती. आजपासून काठी तिच्या ताब्यात. ती हो म्हणाल्याशिवाय मोजमाप सुरू करायचं नाही.

बारा वाजता सावली होती. साडेबाराच्या सुमारास सर्वांत लहान झाली, तेव्हा 8 सेंमी. आणि पडली दक्षिणेला, मारुतीच्या देवळाकडे. "मॅडम, सूर्य तर दक्षिणेकडून जातो ना? मग सावली तिकडं कशी पडंल?" हा प्रश्न विचारणारा सातवीतला, मधल्या बाकावरचा, एरवी महिन्यातून एकदा बोलणारा. उत्तर दिलं नाही. पुस्तकातल्या कोऱ्या पानावर सगळ्यांना प्रश्न लिहून ठेवायला सांगितलं. पुस्तकांत मधे मधे कोरी पानं घातल्यापासून त्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच, तो तरी सुटला.

29 जुलै, सोमवार

ढग.

आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मे महिन्यात शाळा बंद, जुलैत आभाळ बंद. मुलं साडेबारापासून काठीपाशी उभी होती. पोषण आहाराची खिचडी थंड झाली म्हणून मावशी ओरडल्या.

6 ऑगस्ट, मंगळवार

आज ऊन. सावली 4 सेंमी, आणि उत्तरेला, शाळेच्या दाराकडे!

गवंड्याची लेक म्हणाली काठी कुणीतरी फिरवली. ओळंबा लावून पाहिला, काठी जागेवर. मग वाद रंगला आणि मी गप्प बसले. वाद जिंकला सातवीतल्या त्याच मुलाने : "तिकडं आठ होती, इकडं चार झाली, म्हंजी मधी कवातरी शून्य झाली आसंल. आपुन ढगात होतो तवा." जे दिसलंच नाही ते त्याने दोन आकड्यांवरून काढलं. वर्णनात्मक नोंदीच्या वहीत हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं. 'निरीक्षणावरून अनुमान काढतो' असं लिहून काय कळणार?

12 ऑगस्ट, सोमवार

कामाची वाटणी पक्की झाली. हे गट महिन्याला बदलतील, फक्त ओळंब्याची मालकी बदलणार नाही. तिने नकार दिला.

मोजणारे : काठीचे बारा भाग वापरून सावली किती भाग ते सांगायचं. पूर्ण, अर्धा, पाव एवढंच. सेंटिमीटर न जमणाऱ्यालाही हे जमतं. बारा भाग मी कुठून आणले? जुन्या ज्योतिषाची हीच रीत. शंकू म्हणजे बारा अंगुळांची सरळ काठी, आणि दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशीची तिची दुपारची सावली म्हणजे पलभा. पंचांग करणारे गावाची पलभा घेऊन गणित मांडत. म्हणजे माझ्या सहावीच्या 'कच्च्या' गटाची पद्धत भास्कराचार्यांच्या परंपरेतली आहे. हे मी गटाला सांगितलं. त्यांनी ते बाकीच्यांना सांगितलं, जरा जास्तच वेळा.

नोंदणारे : तारीख, वेळ, सेंटिमीटर, आलेख. सातवीच्या भूगोलात ऋतू येतात तेव्हा हाच आलेख भिंतीवर लावायचा.

कोन काढणारे : सूर्य माथ्यापासून किती अंश कलला ते शोधायचं. आठवीला त्रिकोणमिती नाही, म्हणून फरशीवर खडूने खऱ्या मापाचा त्रिकोण काढायचा : 1 मीटरची काठी, तिच्या बुडाशी काटकोनात सावली, आणि काठीचं टोक सावलीच्या टोकाला जोडायचं. मग काठीच्या टोकाला केंद्र धरून 57.3 सेंमी सुतळीने कंस मारायचा. 57.3 त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ 360 सेंमी भरतो, म्हणून कंसावरचा 1 सेंमी म्हणजे 1 अंश. कंसावर सुतळी टाकायची, पट्टीने मोजायची, झाला कोन. कंपासपेटीतल्या कोनमापकापेक्षा हे किती तरी बारीक मोजतं आणि खर्च शून्य. आठवीतल्या हुशाराला सगळं आवडलं, पण 57.3 का हे मी सांगण्याआधी त्याला स्वतः काढायचं होतं. दोन दिवस दिले. दुसऱ्या दिवशी काढून आणलं.

कॅरल ॲन टॉमलिन्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आशय, प्रक्रिया आणि फलित या तीन ठिकाणी फरक करता येतो असं मांडलं आहे. आमच्याकडे या तिन्हींपैकी बहुतेक वेळा आशयच कापला जातो, कारण कापायला तोच सोपा. मी आशय सगळ्यांना एकच ठेवते आहे. वाट वेगळी आणि शेवटी हातात येणारी वस्तू वेगळी.

23 सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून आभाळ भरलेलं. बारा वीसच्या आसपास फट पडली, तेवढ्यात घेतलं. 35 सेंमी, उत्तरेला. बारा भागांच्या गटाचं उत्तर : चार भाग आणि थोडं. कोनाच्या गटाचं : 19 अंशांना जरा जास्त.

दिवस-रात्र सारखे असण्याच्या आसपास दुपारचा सूर्य माथ्यापासून जितका कलतो तितका आपला अक्षांश. आपला पावणेएकोणीसच्या थोडा पुढे. नकाशा उघडला तेव्हा आठवीच्या खोलीत आरडाओरडा झाला. काठी आणि सुतळीने गावाचा पत्ता सापडला म्हणून.

आज शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले होते. बाहेर उभे राहून पाहिलं. "छान आहे मॅडम, पण संकलित मूल्यमापनात हे येणार का?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 पासून तीस वर्षं प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालला, त्यांनी परीक्षाच बदलली होती. पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि सोबत प्रात्यक्षिक. माझ्या हातात परीक्षा नाही. मी एवढंच म्हणाले की कोन, गुणोत्तर, अक्षवृत्त, आलेख, सगळं अभ्यासक्रमातलंच आहे. ते चहा घेऊन गेले.

9 ऑक्टोबर, बुधवार

इरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक, इजिप्त. सायीन गावात, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी ऊन विहिरीच्या तळापर्यंत जायचं. त्याच दिवशी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या कोनाची. दोन गावांतलं अंतर 5,000 स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप), म्हणून पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नासपट. दोन गावं आणि दोन सावल्या, बस्स.

आम्हालाही दुसरं गाव हवं, बरंच दक्षिणेला. कोकणातल्या मैत्रिणीच्या शाळेला विचारावं असं मनात होतं. घरी जाताना हजेरीपट डोळ्यांसमोर आला आणि हसू आलं. दरवर्षी डिसेंबरात माझ्या पटावरची किती तरी मुलं आपोआपच दक्षिणेला असतात. ऊसतोडीला. कोल्हापूरकडचं शिरोळ, बारामती, काही कर्नाटकात अथणीकडे. दरवर्षी मी त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिते आणि वर्ग पुढे चालू ठेवते.

25 ऑक्टोबर, शुक्रवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. दसऱ्यानंतरच गावात उचलींची, म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ पैशांची, बोलणी सुरू झाली होती. यंदा गाळप 15 नोव्हेंबरपासून आहे आणि विधानसभेचं मतदान 20 ला, त्यामुळे कोणती टोळी कधी निघणार हे मुकादमालाही नक्की सांगता येत नाही. काही मुलं आजीपाशी राहतील, हंगामी वसतिगृहात जेवतील. बाकीची जातील. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, धाकटं भावंड असलं की त्याला सांभाळायला थोरलं लागतंच.

जाणाऱ्या तिघांना बोलावलं. प्रत्येकाला 1 मीटरची काठी, सुतळी, ओळंबा म्हणून सुतळीला बांधलेला नट, आणि एक कागद. कागदावर लिहिण्यापेक्षा चित्रंच जास्त, कारण तिघांपैकी एकीला लिहिलेलं वाचणं अजून जड जातं. सूचना एवढीच : 21 डिसेंबरच्या आसपास जितके दिवस जमेल तितके दिवस, बारा ते एक, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेव. सर्वांत जवळचा खडा मोज. संध्याकाळी आईच्या फोनवरून मला बोलून पाठव.

वेळ चुकली तर? ही भीती सातवीतल्या त्या मुलाने व्यक्त केली. तो शिरोळला चालला आहे. त्याला अंगणातली खूण दाखवली. भर दुपारच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते. डिसेंबरात दहा मिनिटं इकडची तिकडं झाली तरी फरक 2 मिलिमीटरचा. मग म्हणाला, "आन् खडा बहिणीनं हलवला तर?" त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. त्याने स्वतःच काढला : खड्याऐवजी खिळा ठोकायचा.

स्थलांतरित मुलांना तिकडच्या शाळेत दाखवायची शिक्षण हमी कार्डंही याच तिघांबरोबर आणखी आठ जणांना दिली. कार्डावर काठीसाठी रकाना नाही.

12 नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुरू. दोन्ही खोल्यांत रिकामे बाक. शिरोळवाला, बारामतीवाली आणि अथणीवाला गेले. राहिलेल्यांनी त्यांची नावं बदलून टाकली आहेत : शिरोळकर, बारामतीकर, अथणीकर.

सावली 74 सेंमी. आज सर्वांत लहान सावली सव्वाबाराच्याही आधी आली, बारा बाराच्या आसपास. ऑगस्टात ती साडेबारानंतर होती. हुशाराला वाटलं शाळेचं घड्याळ बिघडलं, मोबाइलवर तपासलं, घड्याळ बरोबर. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्याची दुपार घड्याळाच्या मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सर्वांत लवकर येते. यावर त्याला वेगळा आलेख करायला दिला आहे : लांबीचा नाही, वेळेचा. फेब्रुवारीपर्यंत पुरेल. त्याच्या चुका मोजण्याच्या सवयीला योग्य काम मिळालं.

पुढचे दहा-बारा दिवस निवडणुकीचं प्रशिक्षण आणि ड्यूटी. काठीचं काम मुलांवर.

26 नोव्हेंबर, मंगळवार

मुलांनी मागचे सगळे दिवस नोंदी ठेवल्या, मतदानाच्या दिवशी सोडून. त्या दिवशी शाळा पोलिसांच्या ताब्यात होती. गवंड्याच्या लेकीने कुंपणाबाहेर घरची काठी लावून पाहिली, पण ती मीटरची नव्हती. मीटरची नसली तर काय करायचं हे तिने विचारलं. मी बारा भागांकडे बोट दाखवलं. कोणतीही काठी घे, तिचे बारा भाग कर, सावली त्याच भागांत मोज. तिच्या डोळ्यांवरून कळलं की गुणोत्तर हा धडा तिच्यापुरता आता झाला. पुस्तकात तो अजून यायचा आहे.

अथणीकराचा फोन लागत नाही.

5 डिसेंबर, गुरुवार

शिरोळकराचा पहिला निरोप. मागे बैलांचा आवाज, मधे लहान मुलीचं रडणं. कोपीजवळची, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीजवळची, जमीन उंचसखल आहे, सावली चढावर पडली तर लांबी बदलेल, काय करू? हे सहावी ते आठवीतल्या एकाही मुलाला इथे सुचलं नव्हतं. इथे अंगण सपाट, फरशीचं. वर्गाला निरोप ऐकवला आणि उत्तर तुम्ही द्या म्हटलं. ओळंबेवालीने सांगितलं : परातीत पाणी घालून जागा बघ, पाणी सगळीकडं सारखं दिसलं की ती सपाट. गवंडी पाण्याच्या नळीने करतात तेच. निरोप तिच्याच आवाजात पाठवला.

तिकडच्या गावातल्या शाळेत त्याचं नाव अजून घातलं गेलेलं नाही. दुपारी आईवडील फडात, तो कोपीवर बहिणीपाशी. तिथल्या शाळेतल्या बाईंशी बोलले. त्या बघते म्हणाल्या.

21 डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा, पण कोणी घरी गेलं नाही. सव्वाबारापासून सगळे काठीभोवती.

91 सेंमी. बारा भागांच्या गटाचं उत्तर : अकराला थोडं कमी. त्यांनी वर्षाचा तक्ता फळ्यावर एका ओळीत लिहिला : जूनमध्ये 1 भाग दक्षिणेला, सप्टेंबरात 4 उत्तरेला, आता 11 उत्तरेला. तीन आकड्यांत सूर्याचं उत्तरायण-दक्षिणायन. सेंटिमीटरवाल्यांचा आलेख जास्त अचूक आहे, पण भेटायला आलेल्या सरपंचांना कळला तो हा एक ओळीचा तक्ता.

कोन : सुतळीवर 42.3 सेंमी, म्हणजे 42.3 अंश.

संध्याकाळी बारामतीकरचा निरोप : 89. शिरोळकराचा : काल 84, आज 85, उद्या परत घेतो.

24 डिसेंबर, मंगळवार

शिरोळकराचा तिसरा आकडा 86. आज दिवसभर हेच.

पहिला वाद : तीन आकडे आले तर खरा कोणता? एक गट म्हणाला त्याने नीट मोजलं नाही. त्यावर मी इथल्याच नोंदी काढल्या. सपाट फरशीवर, ओळंबा लावून, चार जणांनी एकाच दिवशी मोजलेल्या सावल्याही अर्धा-पाऊण सेंमी इकडेतिकडे आहेत. सावलीची कड स्पष्ट नसतेच, कारण सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. मग सरासरी घ्यायचं ठरलं : 85. फरशीवर त्रिकोण, सुतळी : 40.4 अंश.

दुसरा वाद अंतरावरून. एकाने मुकादमाला विचारून रस्त्याचे किलोमीटर आणले होते. पण ट्रक सरळ दक्षिणेला जात नाही. आपल्याला हवं फक्त उत्तर-दक्षिण अंतर. नकाशावर पाटोद्यातून आडवी रेघ मारली, शिरोळमधून आडवी रेघ मारली, दोन रेघांमधलं उभं अंतर प्रमाणपट्टीने मोजलं. साधारण 230 किमी. इथे हुशाराने हात वर केला. नकाशावर अक्षांश छापलेलेच आहेत, वजा केले की कोनातला फरक मिळतो, सावली कशाला? बरोबर आहे, पण मग पृथ्वीचा घेर आधीच कुणीतरी काढलेला वापरल्यासारखं होईल. त्याला ते पटलं. त्याने कागदाची पट्टी चिकटवून अक्षांशाचे आकडे झाकून टाकले.

कोनातला फरक 1.9 अंश. 1.9 अंशाला 230 किमी, तर 360 अंशाला किती? भागाकार आठवीने केला. सहावीने दोन अंश धरून तोंडी केला : दोन अंशाला 230, म्हणजे 360 ला त्याच्या 180 पट. 41,400. आठवीचं आलं साधारण 43,600. पुस्तकातला ध्रुवांवरून जाणारा घेर सुमारे 40,000 किमी. सहावी जास्त जवळ आली म्हणून जो काही गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन थांबवला.

मग कोणाचं बरोबर? हा प्रश्न मी मुद्दाम लांबवला. शिरोळकराचे तीन आकडे स्वतंत्र घेऊन पाहिले. 84 घेतला तर फरक 2.3 अंश आणि पृथ्वी 36,000 किमी. 86 घेतला तर 1.6 अंश आणि पृथ्वी 51,750. सावलीत दोन सेंटिमीटर, पृथ्वीत पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर! सहावीचं उत्तर जवळ आलं ते दोन अंश हा गोल आकडा योगायोगाने बरा होता म्हणून. सहावीने हे मान्य केलं नाही.

बारामतीकरचा 89 घेऊन केलं तर फरक फक्त 0.6 अंश, उत्तर-दक्षिण अंतर साधारण 72 किमी, पृथ्वी 43,200. उत्तर चांगलं आलं म्हणून मुलं खूश. पण अर्धा सेंटिमीटर चुकला असता तर? 89.5 ला उत्तर 55,000 च्या वर, 88.5 ला 33,000 च्या खाली. गाव जितकं जवळ तितकी चूक महाग. शिरोळकर लांब गेला म्हणून त्याचा आकडा जास्त कामाचा, हे ओळंबेवालीने तिच्या भाषेत सांगितलं : "लांब गेल्याबिगर पृथ्वी घावत न्हाई."

शिरोळकराला फोन लावला. स्पीकरवर. वर्गाने त्याला 43,600 सांगितलं. तो विचारतो, "खरी किती हाय?" चाळीस हजार. "मग माझं दोन-तीन अंगळं चुकलं." नाही रे, आमचंही चुकलं, दोघांचं मिळून आहे. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला मार्चमध्ये परत मोजतो, तोवर फड बदलला नाही तर.

4 जानेवारी 2025, शनिवार

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. पंधरा मिनिटं मिळाली. आलेखांपेक्षा कामाच्या वाटणीवर जास्त प्रश्न आले. एका सरांचं म्हणणं, तुमच्याकडे पट कमी, आमच्याकडे पन्नासच्या वर, कसं करायचं? मला वाटतं पट जास्त असेल तर काठ्या जास्त लावाव्यात. पण तीन पातळ्यांच्या तीन कार्यपत्रिका तपासण्यापेक्षा हे निश्चितच कमी काम आहे. तपासायचं होतं ते मुलंच एकमेकांचं तपासत होती.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. ओळंबेवालीचं वाचन सुधारलं का? थोडं. 'माझी काठी' म्हणून तिने अर्धं पान लिहिलं, जोडाक्षरं अजून चुकतात. सावलीने वाचन येत नाही. त्यासाठी रोज सकाळी अर्धा तास वेगळा चालूच आहे, तो बंद केलेला नाही आणि करणारही नाही. पण आता ती त्या अर्ध्या तासाला स्वतःहून येते. यातलं किती काठीमुळे आणि किती वयामुळे, सांगता येत नाही.

तिथेच एक नमुना भरायला दिला : नवोपक्रमाचं नाव, लाभार्थी विद्यार्थी, स्तरनिहाय संख्या. स्तर 1, स्तर 2, स्तर 3 असे रकाने. मी तिन्ही रकान्यांना कंस घालून त्यापुढे एकच आकडा लिहिला. केंद्रप्रमुख म्हणाले ऑनलाइन भरताना हे चालणार नाही.

21 जानेवारी, मंगळवार

हुशाराच्या वेळेच्या आलेखाने वळण घेतलं आहे. सर्वांत लहान सावलीची वेळ पुन्हा पुढे सरकते आहे, आज बारा चाळीसच्या जवळ. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती आणखी पुढे जाईल हे त्याला अजून माहीत नाही. तिथून परत फिरेल तेव्हा बघू काय म्हणतो.

त्याला आणखी एक प्रश्न दिला. शिरोळ आपल्या पश्चिमेलाही आहे, रेखांशात पाऊण अंशाच्या वर फरक, म्हणजे तिथली दुपार साडेतीन मिनिटं उशिरा. हे आपल्या नोंदींत का दिसत नाही? दोन दिवसांनी उत्तर आलं : दर दहा मिनिटांनी खडा ठेवला तर साडेतीन मिनिटं सापडणार कशी, आणि दुपारी लांबी बदलतच नाही म्हटल्यावर सर्वांत लहान कोणती ते तरी कसं कळणार? मग दिसायला काय करावं लागेल, असं विचारलं. तो विचार करतो आहे. उत्तर-दक्षिण रेघ आखून सावली ती रेघ कधी ओलांडते ते पाहावं लागेल. त्यासाठी सकाळी आणि दुपारी सारख्या लांबीच्या सावल्या घेऊन मधली दिशा काढायची. हे मी अजून सांगितलेलं नाही.

शिरोळकराचं नाव तिकडच्या शाळेत घातलं गेलं, गेल्या आठवड्यापासून जातो. बहीण सोबत जाते, पहिलीच्या वर्गात बसते, पटावर नसली तरी. तिथल्या बाईंनी त्यांच्या अंगणात काठी लावली आहे आणि त्यांच्या सातवीला मोजायला त्याला उभं केलं. त्यांना सुतळीच्या 57.3 ची युक्ती हवी होती. ती त्यानेच सांगितली.

अथणीकराचा अजून पत्ता नाही. त्याचा चुलता संक्रांतीला गावी आला होता. काठी सोबत नेली का विचारलं, तर म्हणाला चुलीत गेली असेल.

20 मार्चला गुरुवार आहे. दिवस-रात्र पुन्हा सारखे, त्या दिवशी दोन्ही गावांतून एकाच दुपारी मोजायचं. तोवर पक्क्या सुतळीचं रीळ आणायचं आहे. आत्ताची ताणली की दोन मिलिमीटर वाढते.